एकपात्री बसवायलोय, पण बोलायचं कुणाशी तेच कळंना

डबलबेल | रविवार, रात्री ११:१०

राम राम मंडळी. पहिल्यांदाच धागा काढायलोय, चुकलं माकलं तर सांभाळून घ्या.

मी कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत क्वालिटीला हाय, वय ४१. कॉलेजात एकांकिका केल्या, मग हौशी ग्रुपमधनं राज्य नाट्यला तीन वर्षं (दोनदा इन्स्पेक्टर, एकदा प्रेत. प्रेताचं काम चांगलं झालं असं सगळे म्हणाले). पुढं ग्रुप फुटला, कोण पुण्याला गेलं, कुणाचं लग्न झालं, कुणाची शिफ्ट बदलली, आणि सहा माणसं एका वेळी तालमीला गोळा करायची म्हणजे त्यापेक्षा नगरसेवक होणं सोपं. म्हटलं एकट्यानंच काहीतरी करावं, निदान मी तरी मला सापडतो.

विषय असा. बाबा एसटीत कंडक्टर होते, रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. रंकाळा स्टँडवरनं गगनबावड्याला जाणारी वस्तीची गाडी बरीच वर्षं त्यांच्याकडं होती. मी लहान असताना एका जुलैच्या रात्री पुढं मांडुकलीजवळ रस्त्यावर पाणी आलं आणि मागं फिरावं तर मागंबी पाणी. ड्रायव्हर, बाबा आणि १९ प्रवासी रात्रभर गाडीत. हे आमच्या घरात हजारदा ऐकलंय. त्यावर लिहायला घेतलं ते ३८ फुलस्केप पानं झाली, ११ पात्रं, बायकोसमोर वाचलं तर १ तास ५० मिनिटं. बायको शेवटपर्यंत जागी होती पण मधी दोनदा कुकर लावून आली.

प्रॉब्लेम लांबीचा हायच, पण खरा प्रॉब्लेम वेगळाय. सुरुवातच होईना. 'नमस्कार, माझे वडील कंडक्टर होते' असं म्हटलं की सत्कार समारंभ वाटतो. थेट बाबा होऊन उभारलं तर मग हा माणूस रात्रीचं एवढं सगळं कुणाला सांगायलाय? कुणी केलंय का असलं काही? खर्चाचंबी सांगा, माझ्याकडं ४० हजार हायत, त्यातले १० बायकोला माहीत नाहीत.

मिसळसम्राट | रविवार, रात्री ११:२५

ते १० आता तिला माहीत झाले असं समज भावा 😂

विषय नाद खुळा आहे. प्रेताचा एकपात्री पण बघायला आवडेल.

राजारामपुरीची_सून | सोमवार, सकाळी ७:०५

डबलबेल दादा, मी एकपात्री केलाय, १७ प्रयोग, बहुतेक महिला मंडळं आणि शाळांमधून, त्यामुळे मोठं काही सांगायचा अधिकार नाही पण ही अडचण मलाही आली होती म्हणून लिहिते.

तुमचा प्रश्न अगदी बरोबर जागेवर आहे. लोक आधी पात्रं किती, आवाज किती, टोप्या किती याच्या मागे लागतात. लक्ष्मण देशपांड्यांचं 'वऱ्हाड निघालंय लंडनला' म्हटलं की सगळे ५२ पात्रं ५२ पात्रं करतात. पण ती ५२ माणसं दाखवणारा सांगणारा एकच आहे आणि तो आपल्याशी गप्पा मारतोय हे पहिल्या मिनिटात कळतं, म्हणून बाकीचं पचतं. आधी सांगणारा ठरवा. तो कोण, कुठं उभा आहे, किती वाजलेत, आणि समोर बसलेले लोक त्याचे कोण लागतात. मी पहिले चार प्रयोग 'मैत्रिणींनो' म्हणून सुरू केले. मग एका शाळेत मुलीच होत्या समोर तर मैत्रिणींनो म्हणता येईना, तिथल्या तिथे मी त्यांची नव्याने आलेली शिवणाच्या बाई झाले आणि प्रयोगाला एकदम पाय फुटले. तेव्हापासून तेच ठेवलं.

कुकर लावून आल्या त्या दोन जागा कुठल्या होत्या ते वहिनींना विचारा. तिथं कापा.

डबलबेल | सोमवार, सकाळी ७:४०

ताई भारीच. विचारलं. एक माझं पावसाचं वर्णन (साडेतीन पानं), दुसरी जागा एसटीचा इतिहास, १ जून १९४८ ला पुणे ते अहमदनगर पहिली गाडी सुटली तिथपासनं मी सुरू केलतं. ती म्हणाली तुझे बाबा पाण्यात अडकलेत आणि तू अहमदनगरला गेलास.

तिसरी_घंटा | सोमवार, दुपारी १:१५

प्रेक्षकांनाच प्रवासी कर की. तू कंडक्टर, हॉलमध्ये बसलेत ते प्रवासी. आत येतानाच प्रत्येकाला तिकीट फाडून दे, 'पुढं सरका पुढं सरका' कर. आणि एक आयडिया फुकट देतो, नाटकाला तीन घंटा असतात ना, तू दोनच दे. तिसरीच्या जागी डबल बेल, टिंग टिंग, आणि गाडी सुटली. लोक चमकतील.

पडद्यामागचा | सोमवार, रात्री १०:३०

डबल बेलची आयडिया चोरण्यासारखी आहे. बाकी प्रेक्षकांना प्रवासी करायला माझा विरोध. कारण सांगतो. मी ३० वर्षं लाइट्स करतोय, प्रेक्षकांना पात्र केलेले नऊ दहा प्रयोग बघितलेत, पहिली दहा मिनिटं जाम मजा येते. नंतर काय होतं, पाणी वाढलं, म्हातारी रडायली, आणि समोर लोक एसीत खुर्चीत पाय पसरून बसलेत. ते अडकलेले नाहीतच, घरी जाऊन जेवणार आहेत हे त्यांनाही माहिती आणि तुलाही. शिवाय कुणीतरी एक जण उठून उत्तर देतोच. कोल्हापुरात तर देतोच.

लाइटचं आत्ताच सांगून ठेवतो, नंतर लोक प्रयोगाच्या आदल्या दिवशी फोन करतात. एकपात्रीला भरपूर लाइट लागत नाहीत, जागा ठरलेल्या लागतात. बसचा नकाशा स्टेजवर खडूनं आखून घे. ड्रायव्हर प्रेक्षकांच्या डाव्या हाताला, मागची सीट उजव्या हाताला, आणि ते ६० मिनिटांत एकदाही बदलायचं नाही. तू प्रत्येक प्रवाशाकडं बघतोस ती नजर कुठं पडते ते मोजून ठरव. सीटवर बसलेल्याकडं कंडक्टर खाली बघणार, आणि तू तो प्रवासी झालास की मान वर. एवढं नीट केलंस तर आवाज बदलायची गरज निम्मी होते. आवाज बदलून बदलून लोक घसा घालवतात आणि शेवटी सगळी पात्रं नाकातनं बोलायला लागतात.

मी हे सगळं आपल्या केशवराव भोसले नाट्यगृहाच्या विंगेत उभारून शिकलो. शाहू महाराजांनी बांधलेलं पॅलेस थिएटर ते, १९१५ पासूनचं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते जळालं तेव्हा मी खासबागेच्या बाजूला गर्दीत उभा होतो, दुसऱ्या दिवशी केशवराव भोसल्यांची जयंती. त्यावर जास्त लिहवत नाही. पण एक सांगतो, एकपात्रीला तेवढं मोठं थिएटर सुरुवातीला घेऊही नये. शंभर दीडशे माणसं, जवळ बसलेली, एवढं बास.

माळ्यावरचा_मृदंग | मंगळवार, सकाळी ६:२०

पडद्यामागचा म्हणतात ती नजरेची गोष्ट कीर्तनकार किती काळापासून करत आलेत. आमचे आजोबा नारदीय कीर्तन करायचे. राजा बोलला की उजवा खांदा पुढे, प्रधान बोलला की डावा, आणि दोन्हींच्या मध्ये उपरणं नुसतं झटकायचे, त्या झटक्यात पात्र बदलायचं. पोशाख तोच, पगडी तीच. आणि मध्येच गोष्ट थांबवून 'अहो ते मागचे, झोप आली काय' असं विचारून परत राजा. कुणालाही गोष्ट तुटली असं वाटायचं नाही कारण सांगणारा पक्का होता.

शंकर पाटील, मिरासदार, व्यंकटेश माडगूळकर हे तिघं कथाकथनाला जायचे तेही ऐकणाऱ्यांनी ऐकलंय. त्यात हालचाल फारशी नाही, माणूस माइकसमोर, पण आवाजाच्या चढउतारात अख्खं गाव उभं. तेव्हा ठरवा तुम्हाला कथाकथन करायचंय की नाटक. दोन्हीत कमीपणा नाही, पण दोन्हीच्या मधलं काहीतरी झालं तर पंचाईत.

पुण्यात_अडकलेला | मंगळवार, दुपारी ३:००

एक मजेशीर किस्सा. आमच्या ग्रुपमधल्या एका कोल्हापूरच्या पोरानं पुण्यात छोटा एकपात्री केला, आजी आणि नातवाचा. आजी म्हणायची, 'मी जातो बाजारात, तू दार लावून घे.' प्रयोगानंतर एक काका येऊन त्याला म्हणाले, छान केलंत हो, पण दोन तीनदा तुम्ही आजी करता करता विसरलात, जातो, येतो असं पुल्लिंगी बोललात. आता त्यांना काय सांगणार की आमच्याकडं आज्ज्या, मावश्या, कॉलेजच्या पोरी, सगळ्या 'मी आलो' 'मी गेलतो' असंच म्हणतात! तर दादा, बाई करताना हे ठेवणार का काढणार ते ठरव. बाहेरगावी लोकांना ती तुझी चूक वाटेल.

राजारामपुरीची_सून | मंगळवार, दुपारी ३:४५

ठेवायचंच! काढलं तर ती बाई कोल्हापूरची राहील का? फक्त पहिल्याच वाक्यात ठसठशीत टाका, आणि एकीच्या नाही, दोन वेगळ्या बायकांच्या तोंडी घाला. म्हणजे चूक नव्हे, बोलीच आहे हे लक्षात येतं. आणि मी स्वतः घरी 'मी येतो गं' म्हणतो, इथं लिहिताना तेवढी 'लिहिते' होते 😄

डबलबेल | मंगळवार, रात्री ११:५०

सगळ्यांचे आभार. शिफ्ट संपवून सगळं दोनदा वाचलं. जागेचा प्रश्न सुटला, आमच्या पेठेतल्या तालमीचा वरचा हॉल मिळालाय रात्री ९ नंतर. तालमीत तालीम, असले विनोद करून झालेत, तुम्ही करू नका. खाली पोरं जोर मारत असतात, वर मी म्हातारी होऊन रडत असतो, परवा एक पैलवान पळत वर आला, म्हणाला काय झालं, कुणाला लागलं का.

खडूनं बस आखली. पात्रं ११ वरनं ७ वर आणली. शिक्षक काढला, नवविवाहित जोडपं काढलं (त्यांचे संवाद मलाच लाज आणत होते), दोन शेतकरी होते त्यांचा एक केला. पण कुणाशी बोलायचं ते अजून अडलंयच. या रविवारी घरी आई बाबांसमोर वाचणार हाय.

फुलस्टॉप | बुधवार, सकाळी १०:१०

कागदपत्रांचं कुणी बोललं नाही म्हणून मी बोलतो, कंटाळवाणं आहे पण वाचा.

जाहीर प्रयोग करणार असाल तर संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवून प्रमाणपत्र घ्यायचं, ज्याला सगळे सेन्सॉर म्हणतात. एकपात्री आहे, छोटा आहे, आपलेच लोक आहेत, असली सबब चालत नाही, हॉल बुक करताना आणि स्पर्धेत नंबर मागतात. म्हणून संहिता आधी पक्की करा, मग पाठवा. पाठवून झाल्यावर दहा पानं बदलणारे लोक मी पाहिलेत. तिकीट ₹५०० पर्यंत असेल तर नाटकाच्या तिकिटावर जीएसटी नाही, ती काळजी सोडा.

दुसरं गाण्यांचं. बसमध्ये रेडिओवर जुनं सिनेमातलं गाणं लावायचा मोह होणारच, प्रत्येकाला होतो. गाण्याचे शब्द, चाल आणि रेकॉर्डिंग हे तीन वेगवेगळे हक्क असतात. लेखकाचा हक्क तो गेल्यानंतर ६० वर्षं राहतो. उदाहरणार्थ अण्णा भाऊ साठे १९६९ ला गेले, म्हणजे त्यांच्या लेखनावर २०२९ संपेपर्यंत हक्क आहे. 'जुनं आहे, आता कुणाचं नाही' हे पन्नास टक्के वेळा चुकीचं असतं. परवानगी घ्या नाहीतर म्हातारीला जात्यावरची परंपरेनं आलेली ओवी तुमच्याच तोंडानं म्हणू द्या. ती कुणाच्या मालकीची नाही आणि सिनेमाच्या गाण्यापेक्षा त्या बसमध्ये जास्त शोभेल.

मिसळसम्राट | बुधवार, सकाळी १०:३०

फुलस्टॉप साहेब तुम्ही वकील आहात हे न सांगता सांगितलंत.

डबलबेल | रविवार, रात्री १०:४५

वाचन झालं. सावकाश लिहितो, जरा हललोय.

आई, बाबा, बायको, पोरगी आणि शेजारचे एक काका. मी सुरू केलं, गाडी स्टँडवरनं सोडली, फुलेवाडी गेली, बालिंगा गेलं, आणि कळ्याला गाडी थांबवून परत सोडली तेवढ्यात बाबांनी हात वर केला. म्हणाले एकाच बेलवर कशी हलली गाडी? एक बेल म्हणजे थांब. दोन दिल्याशिवाय ड्रायव्हर ब्रेकवरचा पाय काढत नसतो. मी म्हटलं बाबा ते नंतर बघतो. तर म्हणाले नंतर काय, गाडी तिथंच उभी हाय अजून. पोरगी हसून हसून लोळायली. मी दोन बेल दिल्या तेव्हा मान हलवली, मग पुढं.

नंतर चिमट्यावरनं. मी तिकीट पंच करायचा अभिनय दोन बोटांनी करायलोतो. त्यांनी उठून माझा हात धरला. ट्रे डाव्या हातावर असा कोपरापाशी टेकवायचा, गठ्ठ्यातनं तिकीट अंगठ्यानं ओढायचं, चिमटा उजव्या हाताच्या तळव्यातच राहतो, तो कधी खाली ठेवायचा नाही, पैसेबी चिमटा धरूनच मोजायचे. आणि गर्दीत 'तिकीट, तिकीट' असं बोंबलायचं नाही, चिमटा दांडीवर टक टक मारायचा, माणूस आपोआप खिशात हात घालतो. वय ७४, हात थरथरतो, पण ते टक टक केलं तेव्हा अजिबात थरथरला नाही.

वाचून संपलं तर गप्प बसून राहिले. आई म्हणाली कसं वाटलं सांगा की पोराला. मग म्हणाले, चांगलंय, पण ते चार रुपये नाही घातलास.

कसले चार रुपये? हजारदा ऐकलेल्या गोष्टीत हे कधीच आलं नव्हतं! तर म्हणे रात्री दोन तीनच्या सुमाराला एक प्रवासी हट्टाला पेटला, गाडी माझ्या गावाला पोचलीच नाही तर तिकिटाचे पैसे कशाचे घेतले, परत द्या. रात्रभर तेच. बाकीची माणसं जरा डुलकी लागली की ह्याचं परत चालू. शेवटी बाबांनी कॅशच्या बॅगेतनं चार रुपये काढून त्याला दिले, म्हणाले घे आणि झोप. झोपला. सकाळी पाणी उतरलं, गाडी पुढं गेली, तो माणूस आपल्या गावाला आरामात उतरून गेला आणि चार रुपये काही परत दिले नाहीत. डेपोत आल्यावर वेबिलात, म्हणजे फेरीच्या हिशोबाच्या कागदात, चार रुपये कमी. साहेबांसमोर उभारून रात्रीची सगळी हकिगत सांगावी लागली, अर्धा तास, आणि तरी ते चार रुपये पगारातनं भरले. 'पूर आलता हे खरं, पण हिशोब तो हिशोब' म्हणाले, आणि त्यात साहेबाचं चुकलं असंबी त्यांना वाटत नाही.

राजारामपुरीची_सून | रविवार, रात्री १०:५२

दादा. साहेबांसमोर उभं राहून रात्रीची सगळी हकिगत सांगावी लागली.

मिळालं की तुम्हाला.

डबलबेल | रविवार, रात्री १०:५५

व्हय ताई. मी हे टाइप करता करताच थांबलो.

तिसरी_घंटा | रविवार, रात्री ११:२०

अंगावर काटा. म्हणजे अख्खा प्रयोग चार रुपयांचा जबाब! पूर, म्हातारी, ड्रायव्हर, सगळं सांगायचं कारण एवढंच की साहेब, चार रुपये का कमी आहेत ते सांगतो. आणि प्रेक्षकांना काही करायलाच नको, ते आपोआप साहेब.

पडद्यामागचा | सोमवार, रात्री ९:१५

आता जमतंय. साहेबाची खुर्ची स्टेजवर ठेवू नकोस, पहिल्या रांगेतही रिकामी खुर्ची नको, मागच्यांना दिसत नाही आणि पुढचे तिच्याकडंच बघत बसतात. नजर तिसऱ्या रांगेच्या डोक्यावरनं जरा वर लाव, तिथं साहेब. डेपोत एक पांढरा ट्यूबसारखा सपाट लाइट, बसमध्ये पिवळा मंद. दोनच हवामानं. बदल हळू करायचा नाही, साहेबानं मधेच प्रश्न विचारला की फट्कन पांढरं, आणि तू अजून म्हातारीच्या आवाजात आहेस आणि सावरतोस. तो सावरायचा सेकंद बसव, बाकी बसलं नाही तरी चालेल.

लाइट मी करतो. पैशाचं नंतर बोलू, पण ते दहा हजार वहिनींना सांगून टाक.

फुलस्टॉप | सोमवार, रात्री ९:४०

पाठांतर विसरलं तर आठवण करून द्यायला स्टेजवर दुसरं कुणी नाही हे लक्षात ठेवा. इतर नाटकात समोरचा अडखळला तर सावरून घेतो, इथं कोण सावरणार. विंगेत संहिता घेऊन एक माणूस पाहिजेच.

डबलबेल | सोमवार, रात्री १०:००

बायको बसणार हाय विंगेत. पाठांतराचं मी थांब्यांवर बसवलंय. प्रत्येक तुकडा एका स्टॉपला बांधलाय, कळे आलं की शेतकरी चढणार, पुढच्या स्टॉपला म्हातारी. विसरलो तर मनातल्या मनात पुढचा स्टॉप आठवायचा, माणूस आपोआप चढतो. पाण्यात अडकल्यावर स्टॉप संपतात, मग तिथनं पुढं घड्याळ. साडेअकरा, दीड, तीन, पावणेपाच.

डबलबेल | साधारण दोन महिन्यांनी, शनिवार, रात्री १२:३०

धागा वर काढतोय. पहिला प्रयोग झाला. आमंत्रितांसाठीच, तिकीट नव्हतं, ९० खुर्च्या, ७०–७५ भरल्या. हॉलचं नाव लिहीत नाही, त्यांनी बिचाऱ्यांनी फुकट दिलता.

आधी काय फसलं ते. हॉलला वर पत्रा. जुलै महिना. माझ्या नाटकात पाऊस येतो चोविसाव्या मिनिटाला, खरा पाऊस आला अकराव्या मिनिटाला, आणि असा आला की पुढच्या दोन रांगा सोडून कुणाला काही ऐकू येईना. पावसाचा साउंड इफेक्ट वाजवायला पोरगा बसवलाता, तो माझ्याकडं बघायला, मी त्याच्याकडं. कॉलर माइक होता पण त्यात दुसरीच भानगड, कॅश बॅगचा चामडी पट्टा नेमका माइकवर घासायला, खर्र खर्र, खर्र खर्र, जणू डेपोत कोण लाकूड कापतंय. रंगीत तालमीला मी बॅग घातलीच नव्हती, जड होते म्हणून. तीच चूक. म्हणून सांगतो, जी वस्तू अंगावर असणार ती पहिल्या दिवसापासनं घाला, माइक लावला त्या दिवशी नाही.

तर अकराव्या मिनिटाला मी थांबलो. आता काय करायचं? पडद्यामागचा यांनी फट्कन पांढरा लाइट दिला, म्हणजे डेपो. मग मला सुचलं, मी साहेबाला म्हटलं, 'साहेब, ऐकू येत नसंल तर जरा थांबतो. त्या रात्रीबी असंच झालंतं.' आणि गप्प उभा राहिलो. माइक काढून खिशात टाकला. चार पाच मिनिटं असतील, मला तासभर वाटली. कुणी उठलं नाही. पत्र्यावरचा आवाज ऐकत सगळे बसले. पाऊस जरा कमी झाला तसा मी पुढं दोन पावलं येऊन मोठ्या आवाजात सुरू केलं.

दोरीची खरी घंटा लावलीती ती पहिल्याच ओढीला अडकली, मग तोंडानंच टिंग टिंग केलं आणि त्याला घंटेपेक्षा जास्त हशा आला. घंटा काढून टाकली. दोन बायकांच्या तोंडी 'मी आलो' ठेवलंय ताई. ६८ मिनिटांत संपलं, ती पावसाची धरून. खर्च १३ हजारच्या आसपास, त्यातला मोठा भाग भाड्याचे लाइट आणि खाकी ड्रेस शिवायला.

राजारामपुरीची_सून | शनिवार, रात्री १२:४०

मी होतो तिथं, चौथ्या रांगेत. तो थांबलेला वेळ काढू नका. पाऊस नसेल त्या दिवशीसुद्धा.

पडद्यामागचा | रविवार, सकाळी ८:००

पाऊस नसताना ठेवायचा तर एक मिनिट, जास्त नाही. पाच मिनिटं फक्त कोल्हापूरचा जुलै देऊ शकतो.

मिसळसम्राट | रविवार, सकाळी ९:१०

मी पण होतो. लई भारी झालं भावा. प्रेतापेक्षा चांगलं. काका काय म्हणाले ते सांग की.

डबलबेल | रविवार, सकाळी ११:३०

बाबा शेवटच्या रांगेत दाराजवळच्या खुर्चीत बसलते, पाऊस वाढला तसं त्यांना काही ऐकू आलं नसणार. घरी येईपर्यंत काही बोलले नाहीत. जेवताना म्हणाले, वेबिल चुकीचं होतं.

शेवटी मी साहेबासमोर वेबिल फाडतो, असं मी लिहिलंतं, लोकांनी टाळ्याबी वाजवल्या. ते म्हणाले वेबिल फाडत नसतात. जमा करतात. फाडलं तर दुसऱ्या दिवशी ड्युटी कशी मिळणार. आणि तुझ्या त्या कागदावर आकडे कसले तरी होते, मला मागनं दिसत नव्हते पण तू बघितलास तेव्हा तुझ्या तोंडावरनं कळलं की त्यावर आकडेच नाहीत.

खरंच नव्हते, झेरॉक्सचा पाठकोरा कागद होता.

आज सकाळी उठलो तर ते फूटपट्टी आणि निळा बॉलपेन घेऊन बसलेत, वेबिल आखायलेत. स्टॉप, तिकीट नंबर, रक्कम, सगळे रकाने. खाली बेरीज आणि त्यातनं ४ रुपये वजा. मी म्हटलं एवढं कुणाला दिसणार नाही बाबा. त्यांनी वर बघितलं नाही. पुढचा प्रयोग कधी विचारलं, मी म्हटलं सेन्सॉर आल्यावर, दिवाळीच्या आधी शाहू स्मारकच्या हॉलला बघतोय. म्हणाले मग सावकाश करतो, दोन तीन करून ठेवतो, एक हरवलं तर.